इंजिन खोललं त्या उन्हाळ्यात

सोलापूरचा उन्हाळा ओळखायला कॅलेंडर लागत नाही. होळी होऊन चार दिवस जातात न जातात तोच एखाद्या दुपारी शाळेच्या आवारात लावलेल्या मोटारसायकलवर बसायला जावं आणि चटका बसून उडी मारावी, की समजायचं, आला. मग नळाचं पाणी कढत, माठाला गुंडाळलेलं फडकं तासाभरात कोरडं, आणि भेटेल त्याच्या तोंडी एकच वाक्य : "यंदा लईच हाय की." हे वाक्य मी जन्मापासून दर वर्षी ऐकतोय आणि दर वर्षी मला ते खरं वाटतं.

परवा असाच शाळेतून परतत होतो. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाचा बारीक पांढरा मोहोर रस्त्यावर सांडला होता. त्याचा तो कडसर गोड वास आला आणि त्या वासात मिसळून मला डिझेलचा वास आला. जवळपास एकही गाडी नव्हती. मी थांबून दोन-तीनदा श्वास घेतला. मग हसू आलं. चार उन्हाळे झाले, पण माझ्या नाकानं ते दोन वास अजून वेगळे केलेले नाहीत. एप्रिल-मे असे दोन महिने ते एकत्रच घेतले होते मी, सासऱ्यांच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, पालथ्या घातलेल्या डब्यावर बसून.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. आमच्याकडं तशीच रीत आहे. मामा सत्तावीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली तेव्हा त्यांचं वय पन्नासही नव्हतं. नंतर त्यांनी पिठाच्या गिरण्या दुरुस्त केल्या, शेतातल्या मोटारी बांधल्या, पंखे, कूलर, शिलाई मशीन, जे येईल ते. बुटका, काटक माणूस. पांढरा पायजमा, त्यावर बाह्यांची बनियन, आणि खिसा नसल्यामुळं कानावर अडकवलेली पेन्सिल.

हा माणूस आठ वर्षं माझ्याशी बोलत नव्हता.

भांडण नव्हतं. जेवायला बोलवायचे, सणाला कपडे घ्यायचे, पण बोलायचं ते सुनीताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मार्फत. मी त्यांच्यापासून दोन हातांवर जेवायला बसलेला असे आणि मामा तिला म्हणत, "सुने, त्यांना विचार, भाकरी अजून घेणार का." मी सुनीताकडं बघून म्हणे, "बास." मग सुनीता त्यांच्याकडं बघून म्हणे, "बास म्हणतात." मामींना, माझ्या सासूबाईंना, हे बघून इतकं हसू येई की त्या पदर तोंडाला लावून आत जात.

कारण मला माहीत होतं. मुलगी बघायला आलो तेव्हाची गोष्ट. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि तेव्हा नुकताच शिकवायला लागलो होतो, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. गप्पांत कुणीतरी मिलचा विषय काढला. मी पोह्याची बशी हातात धरून म्हणालो, "बंद पडल्या ते बरंच झालं. त्या जुनाट यंत्रांत काही राम उरला नव्हता." मामा समोर बसले होते. ते काय काम करत होते हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, आत गेले, आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. लग्न झालं ते सुनीता हट्टाला पेटली म्हणून.

आता गाडीचं. सुनीता फिजिओथेरपिस्ट. लकवा मारलेल्या, पडून हाडं मोडलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती व्यायाम करून घेते. कुंभारीला दोन घरं, मोहोळला तीन, वाटेवरच्या वाड्यांवर आणखी काही. त्यासाठी आम्ही एक जुनी डिझेल गाडी घेतली होती, राखाडी रंगाची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे काय ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. विकणाऱ्यानं "टर्बो हाय, उडतीय नुसती" असं सांगितलं आणि आम्ही मान डोलावली.

त्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोहोळहून येताना ती उडायची थांबली. पाण्याचा पाइप फुटला, काटा लालवर गेला, आणि सुनीताच्या लक्षात येईपर्यंत बॉनेटमधून वाफ निघत होती. गाडी ओढत आणावी लागली. गॅरेजवाल्यानं तेलाची दांडी बाहेर काढून दाखवली. तेलाच्या जागी दुधाचा चहा लागला होता. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलंय, तेलात पाणी मिसळलंय, टर्बोही तेल गळतोय, असं त्यानं सांगितलं आणि जो आकडा बोलला तो आम्ही गाडी घेतली त्याहून मोठा होता. "भंगारात घाला, मॅडम," असा प्रामाणिक सल्लाही दिला.

सुनीता दुसऱ्या दिवसापासून एसटीनं जाऊ लागली. भर उन्हात, फाट्यावर उतरून, पुढं मिळेल त्या रिक्षानं. आठवड्यातच दोन वाड्या सुटल्या, तिथं जाऊन वेळेत परत येणं जमेना. त्यातल्या एका घरी एक म्हातारे गृहस्थ होते, जे नुकते आधाराशिवाय उभे राहायला लागले होते. त्यांच्या सुनेचा फोन आला की सुनीता फोन घेऊन गच्चीवर जायची.

मामांना कळलं तेव्हा ते आमच्याकडं आले. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं, बराच वेळ नुसते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सुने, त्यांना म्हणावं, गाडी माझ्या अंगणात आणून लावा. खोलू."

"आप्पा, तुम्ही कधी गाडीचं इंजिन खोललंय का?" सुनीतानं विचारलं.

"न्हाय. पण माणसानंच बसवलंय की."

माझी शाळा सुटली होती. दहावीचे पेपर तपासून झाले होते. मी जाऊ लागलो. ऊन व्हायच्या आत, सकाळी साडेपाचला. तीन लोखंडी पाइप जोडून मामांनी तिकाटणं उभं केलं, त्याला साखळीची कप्पी लावली आणि एका सकाळी ते अवजड, काळं, तेलकट धूड गाडीतून वर उचलून घेतलं. ते हवेत हळूहळू फिरत होतं आणि मामा त्याच्याकडं असे बघत होते, जसं पहिल्यांदा घरी आलेल्या पाहुण्याकडं बघावं. मामींची एक चांगली चादर अंगणात अंथरली गेली. "अहो, ती रुखवताची चादर हाय!" मामी ओरडल्या. "पट्ट्यापट्ट्याची हाय म्हणून तर घेतली," मामा म्हणाले. प्रत्येक पट्ट्यावर एकेका भागाचे नट-बोल्ट, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं. मामींची कणकेची परातही गेली, सुटे भाग डिझेलमध्ये धुवायला. संध्याकाळी त्या परातीकडं बघून मामी म्हणाल्या, "आता पोळ्याबी डिझेलवरच चालतील." पण दुसऱ्या दिवशी ताकाचा तांब्या घेऊन त्याच आल्या आणि कुठला तुकडा कुठला म्हणून विचारत बसल्या.

मामांची अडचण एकच होती. इंजिनाची सगळी माहिती इंग्रजीत होती आणि माझ्या मोबाइलमध्ये होती. कुठला बोल्ट आधी, किती जोरानं, कुठली फट किती, हे वाचून दाखवायला मीच होतो. सुनीता कामावर. मामी समोर होत्या, पण त्यांच्यामार्फत किती विचारणार? पहिले दोन दिवस मामा हवेत बघून म्हणत, "फुडं काय लिवलंय म्हणावं." तिसऱ्या दिवशी हात आत अडकलेले, कपाळावरचा घाम डोळ्यात उतरतोय, अशा वेळी त्यांच्या तोंडून निघालं, "ओ मास्तर, बोला की लवकर!"

मी इतका दचकलो की मोबाइल हातातून पडता पडता राहिला. मामी उठून आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

त्यानंतर मी मास्तर झालो. "मास्तर, तो पाना." "मास्तर, बॅटरी धरा, माझ्या डोळ्यात न्हवं, आत." हेडचे बोल्ट आवळायचे होते त्या दिवशी मी वाचलं, मधून सुरुवात करून बाहेर जायचं, ठरलेला जोर लावायचा, मग नव्वद अंश. मामांनी वर बघितलं. "नव्वद अंश म्हंजी पाव फेरा. मग पाव फेरा म्हणा की. शाळा सुटलीय." पाव फेरा, सगळे बोल्ट होईपर्यंत. पुन्हा पाव फेरा. त्यांच्या दंडाच्या शिरा उभ्या राहिल्या होत्या आणि चेहऱ्यावर जी शांती होती, ती मी पूजेला बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरही फारशी पाहिलेली नाही.

वाकलेलं हेड सरळ घासून घ्यायला आम्ही गफूरभाईंकडं गेलो. त्यांचं लेथचं दुकान. मिलमध्ये ते मामांच्याच खात्यात होते. त्यांनी हेड टेबलावर ठेवलं, वर पोलादी पट्टी धरली, खालून उजेड दिसतो का पाहिला. "हौ, टेढा है. पर होता. दो दिन बाद आव." मी म्हणालो, "उद्या नाही का होणार?" गफूरभाई मामांकडं वळले. "ये कौन? जल्दीवाला?" मामा म्हणाले, "जावई हाय माझा." बस्स एवढंच. मी दुकानाच्या पाटीकडं बघत उभा राहिलो. ती पाटी मी चार वेळा वाचली.

नवा टर्बो परवडणारा नव्हता. तो पार्सल करून पुण्याला पाठवला, आतले बेअरिंग आणि सील तेवढे बदलून घ्यायला. पाठवण्याआधी मामांनी तो उघडून मला दाखवला. लिंबाएवढं एक चाक, फुलासारख्या पाकळ्यांचं. तसंच दुसरं पलीकडं. मधे बोटाएवढी दांडी. मी वाचलेलं सांगितलं, की इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानं एक चाक फिरतं, त्यामुळं दुसरं फिरतं आणि ते बाहेरची हवा जोरानं आत कोंबतं. मिनिटाला लाख-दीड लाख फेरे.

"लाख?"

"हो."

मामांनी ते चाक बोटानं हलकेच फिरवलं. "म्हंजी जो धूर फुकट जायचा त्यालाच कामाला लावलं," ते म्हणाले. "कुणी केलं आसंल हे? लई मोठा माणूस." दिवसभर ते अधूनमधून "लाख" असं स्वतःशी म्हणत होते.

आता, चार वर्षांनंतर, मला त्या दिवसांतलं काम कमी आणि असलं काहीतरीच जास्त आठवतं. पत्रा तापला की येणारा कट्-कट् आवाज. नखांत बसलेलं काळं, जे शाळा सुरू झाल्यावरही महिनाभर निघालं नाही आणि मुलं फळ्यापेक्षा माझ्या बोटांकडं जास्त बघत. दुपारी बाराला काम थांबवून मामांबरोबर ओसरीवर घेतलेली ताकभाकरी आणि शेंगाची चटणी. गाडी अजून चालते. मामा दर रविवारी येऊन तेलाची दांडी काढून बघतात आणि मला बघायला लावतात. त्यांना आता डाव्या कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळं बोलताना मी उजव्या बाजूला बसतो.

पण एक दिवस मात्र मला विसरायला आवडलं असतं, आणि तो विसरला गेला असता तर हे सगळं सांगायला काही उरलं नसतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात इंजिन परत गाडीत बसलं. टर्बो आला, लागला. जिथं जिथं उघडं भोक होतं तिथं मामांनी धुतलेल्या दुधाच्या पिशव्या रबरानं बांधल्या होत्या. त्यांचा नियम होता, की पिशवी सगळ्यात शेवटी काढायची. दुपारी ते आंघोळीला गेले. हवेचा पाइप टर्बोला जोडायचा राहिला होता. मला वाटलं, तेवढं आपण करून ठेवू, बघून खूश होतील. मी पिशवी काढली. टर्बोवरचा, उष्णता अडवणारा छोटा पत्रा बसवताना माझ्या तेलकट बोटांतून एक छोटा नट सुटला. टिक्, असा आवाज आला. मग काही नाही.

मी खाली बघितलं, चादरीवर बघितलं, इंजिनाच्या खाचाखोचांत बॅटरी मारली. कुठंच नाही. मामांच्या चपलांचा आवाज आला. मी डब्यातून तसलाच दुसरा नट घेतला, लावला आणि पाइप जोडून टाकला.

"लावला व्हय?" मामांनी हात पुसत विचारलं. "बरं बसवलंय की." पाठीवर थाप मारली. आठ वर्षांत पहिली.

त्या थापेनंतर सांगायचं कसं? खाली जमिनीवरच पडला असेल, असं मी स्वतःला संध्याकाळपर्यंत समजावत राहिलो. सुनीतालाही बोललो नाही.

सकाळी सगळे जमलो. गफूरभाईही आले होते. मामांनी टर्बोच्या तेलाच्या नळीत कुपीनं थेंब थेंब तेल सोडलं होतं, कोरडा फिरायला नको म्हणून. मामींनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. सुनीता चावीला हात लावून बसली. मामा म्हणाले, "सुने, मार."

"थांबा," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं. पिशवी आधी काढली, नट पडला, सापडला नाही, बोललो नाही.

मामांनी पाना घेतला. जोडलेला पाइप सोडवला, त्याच्यामागचा बाक असलेला रबरी पाइप काढला. तारेला चुंबक बांधून आत घातलं. तार हळूच बाहेर आली. टोकाला नट चिकटला होता. टर्बोच्या चाकापासून वीतभरही लांब नव्हता; इंजिन सुरू होताच तो आत ओढला गेला असता.

"लाख फेरे," गफूरभाई हळूच म्हणाले आणि स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला.

सुनीता गाडीतून उतरली. ती मला काहीतरी म्हणणार होती, पण मामांनी हातानं तिला थांबवलं. ते शेडच्या कडेला जाऊन बसले. मीही जाऊन बसलो, थोडा लांब.

"मिलमधी आमच्या खात्यात इरण्णा म्हणून होता," मामा म्हणाले. "कुंभारीचा. माझा लई जिवाचा. मी एकदा मशीनच्या चाकावरलं जाळीचं गार्ड काढलं, दुरुस्ती केली, आन् गार्ड परत लावायचं इसरलो. घरी आल्यावर आठवलं. जाऊन सांगावं तर सायब वरडंल. म्हणलं, सकाळी लावू. सकाळची पाळी इरण्णाची." त्यांनी हातातला नट बोटांत फिरवला. "दोन बोटं गेली. सगळ्यांनी म्हणलं, इरण्णाचीच चूक, लक्ष नव्हतं. मीबी गप ऱ्हायलो. त्याच्या घरी जायचो, त्याच्या पोरांच्या लग्नात वाढलं. सांगायचं, सांगायचं करत गेल्या साली त्यो गेलाबी."

पत्रा तापायला लागला होता.

"तुमी बोलला, मास्तर," मामा म्हणाले. "येका दिवसात बोलला."

मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. मी म्हणालो, "मामा, मी आणखी एक बोललो होतो. पोहे खाताना. मिलबद्दल."

"तुमाला आठवतंय ते?"

"रोज."

ते माझ्याकडं बघत राहिले. "मला वाटलं, मलाच येकट्याला आठवतंय," ते म्हणाले आणि त्यांचं तोंड थोडं वाकडं झालं. ते हसत होते की काय ते मला अजून सांगता येत नाही.

"मला माहीत नव्हतं, तुम्ही तिथं होता ते."

"राम नव्हताच उरला त्यात," मामा म्हणाले. "सत्तावीस वर्षं आमीच घालत हुतो त्यो." मग गुडघ्यावर हात देऊन उठले. "चला. पाइप लावा. ह्या टायमाला मी बघतो, तुमी लावा."

मी लावला. सुनीतानं चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं, बंद पडलं. पुन्हा. मागून पांढऱ्या धुराचा एक ढग निघाला, मामी खोकायला लागल्या, आणि मग ते एकदम धरलं. आधी अडखळत, तडतडत, मग हळूहळू एकसारखं. मामांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडं बघत उभे. त्यांनी डोळे उघडले, स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि मूठ माझ्या कानाला लावून दिली. आत खूप खोलवर काहीतरी नीट, न थकता चाललं होतं.

नवीन बांधलेलं इंजिन सुरुवातीला लांबच्या रस्त्यावर, सावकाश चालवायचं असतं. जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही करमाळ्याला कमलाभवानीच्या दर्शनाला निघालो. मी चालवत होतो. शेजारी मामा, मागं सुनीता आणि मामी. मोहोळपर्यंत मामा मान तिरकी करून आवाज ऐकत होते. काट्याकडं बघत होते, माझ्या पायाकडं बघत होते. "दाबू नका." "आता गिअर." टेंभुर्णीला चहा घेतला आणि मोठा रस्ता सोडून आत वळलो. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, मधेच उसाचा हिरवा तुकडा. मामांचं बोलणं कमी झालं. मग बंद झालं. मी बाजूला बघितलं. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले.

मागून सुनीता पुढं वाकली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "आप्पा झोपले?"

मी मान डोलावली.

"गाडीत?" ती म्हणाली. "मी लहानपणापासून बघायलेय. एसटी असू दे, जीप असू दे, रात्रीचा प्रवास असू दे. दुसरा माणूस चालवत असताना आप्पा कधी डोळा मिटत नाहीत."

मामींनी तिच्या मांडीवर हात ठेवून तिला गप्प केलं.

करमाळा आलं. देवीच्या माळाकडं वळायचा रस्ता डाव्या-उजव्यातला कुठला ते मला नीट माहीत होतं, पाटीही मोठी होती. गाडी थांबली असती तर मामा जागे झाले असते. मी वळलो नाही. आरशात बघितलं तर सुनीताही बघत होती; मग तिनं मागं पाठ टेकली. गाव मागं पडलं, आणि मी तसाच, चाळीसच्या वर काटा न जाऊ देता, पुढं चालवत राहिलो.